एक नंबर, दोन घरं

वाडीत इंटरनेटची तार तुटायला आणि माणसाचं डोकं फुटायला फारसं कारण लागत नाही. तार ट्रकवाले तोडतात. डोकी आपण सगळे मिळून फोडतो आणि मग चहा प्यायला जातो.

धम्मानंदने दोन्ही प्रकार भरपूर पाहिले होते. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, तिथल्या राखेत खेळून वाढलेला हा माणूस मनोहररावांकडे केबल टीव्हीच्या काळापासून कामाला होता. धंद्यातल्या दुश्मनांनी एकदा त्याला खांबावरून पाय धरून ओढलं होतं, तेव्हापासून तो जरा लंगडत चालायचा. केबलचं इंटरनेट झालं, तसा खांबावरचा धम्मानंद सर्व्हरसमोर बसू लागला. बायको म्हणाली, चला, आता तरी मार खाणार नाही. भाबडी बाई!

काम तसं सरळ होतं. ग्राहकाने घरी नेट सुरू केलं की सर्व्हर त्याचं नाव आणि पासवर्ड तपासतो, आणि साठ्यातला एक मोकळा आयपी नंबर त्याला देतो. बाहेरच्या जगाला मग तो ग्राहक त्या नंबराने दिसतो. मनोहररावांचे असे सर्व्हर दोन, एक वाडीत, एक कोराडीत. नंबरांचा साठा मात्र दोघांत एकच. त्यामुळे नंबर देण्याआधी हा त्याला विचारायचा, तू तर कुणाला दिला नाहीस ना?

क्रिकेटच्या फायनलच्या दिवशी कोळशाच्या एका ट्रकने दोघांमधली तार ओढून नेली. विचारपूस बंद झाली आणि सर्व्हरांनी शहाण्यासारखं नंबर देणंच थांबवलं. लोक मात्र शहाणे नव्हते. ऑफिसची काच फुटली, काउंटरवरच्या पोराच्या कानाखाली चपराक बसली. मनोहरराव आतून ओरडले, "धम्मा, सुरू कर बाबा! हे लोक जाळून टाकतीन आपल्याले!"

अशा वेळी साठा अर्धा-अर्धा वाटून द्यायचा असतो. पण वाडीची गर्दी अर्ध्यात मावणारी नव्हती. मग धम्मानंदने खास आपली शक्कल लढवली. दोन्ही सर्व्हरांना सगळा साठा दिला. वाडीने खालून नंबर वाटत जावं, कोराडीने वरून. मधे गाठ पडेपर्यंत तार जोडून होईल, असा त्याचा हिशेब. एरवी झालीही असती. फायनलला सगळं गाव एकदम नेटवर आलं, आणि दोन्ही सर्व्हर मधली हद्द ओलांडून एकमेकांत घुसले. तेच नंबर दोन-दोन घरांत गेले. कधी या घराचं नेट चालायचं, कधी त्या घराचं.

त्याच संध्याकाळी गोदामवाल्या ऋषीच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वेबसाइटवर, तक्रारीच्या पानात, कुणीतरी त्याच्या बहिणीविषयी घाण लिहिली. ही बहीण, हिमानी, त्या कंपनीचं ऑफिस सांभाळायची. तिने दुसऱ्या दिवशी खोलीचं दार उघडलं नाही. ऋषीचं रक्त उसळलं, हे मला कळतं. पुढचं कळत नाही. लिहिणाऱ्याचा नंबर वेबसाइटवर उमटला होता. तो घेऊन ऋषी पोलिसांकडे गेलाच नाही. चार माणसं आणि दांडे घेऊन मनोहररावांच्या ऑफिसात आला.

मनोहररावांनी वाडीच्या सर्व्हरमध्ये नंबर पाहिला आणि नाव सांगून टाकलं. नत्थू, टायरचं दुकान, अमरावती रोड.

धम्मानंद जेवून आला तेव्हा ते घाम पुसत बसले होते. "बला टळली," म्हणाले. नंबर ऐकून धम्मानंदने कोराडीचा सर्व्हर पाहिला. तोच नंबर, तीच वेळ, दुसरं घर. कॉलनीतल्या प्रेमलताताईंचं, त्याच्या जुन्या शेजारणीचं, जिच्या हातचं तो लहानपणी जेवला होता. घरात ती आणि तिची कॉलेजातली दोन मुलं.

तो लंगडत धावला. दुकानापुढे गर्दी मोबाइल वर धरून उभी होती. नत्थूभाऊ आपल्याच टायरांवर पालथा पडला होता. ऋषीच्या हातात टायर काढायची लोखंडी टॉमी होती. नत्थूची बायको सिंधूताई मधे पडत होती आणि दर वेळी ऋषीची माणसं तिला केसांना धरून बाजूला फेकत होती.

"थांबा गा!" धम्मानंद ओरडला. "तो नंबर दोन घरी होता! माझी चूक हाये. हा नसू शकते!"

ऋषी थांबला. "दुसरं घर कोणाचं?"

मूर्खाला हे सुचलंच नव्हतं! एकाला वाचवायचं तर दुसऱ्याचं दार दाखवावं लागणार.

"पोलिसाले सांगीन. तुले नाही."

पहिली टॉमी खांद्यावर बसली, दुसरी मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. "बोल बे!" तो नाही बोलला. दात पडला, तरी नाही. शेवटी पोलिसांची गाडी दिसली आणि मर्द मंडळी पळाली.

हात गळ्यात बांधून धम्मानंद दवाखान्यात नत्थूला पाहायला गेला. नत्थूचा एक डोळा गेला होता, जबडा तारेने बांधला होता. बाहेर बाकावर सिंधूताईचे काटोलचे भाऊ बसले होते. धम्मानंदने तिचे पाय धरले.

"माफी नको मले," ती म्हणाली. "दुसरं घर सांग."

"ताई, पोलिसाले सांगितलं मी. ते पाहून राहिले."

"यायनं कोणाचं काही वाकडं नाही केलं. टायर जोडून राहिले होते. त्या घरच्यायनं काही लिहिलं असन अन् डोळा माया मानसाचा गेला? तू केलं हे. आता त्यायलेच लपवून राहिला? पोरीचं लग्न हाये गा माया. बाप तिले पाहीन कसा?"

टॉमीपुढे जो तोंड मिटून पडला होता, तो या बाईपुढे उभा राहू शकला नाही. तिचं देणं लागत होता ना!

"कोराडी," तो म्हणाला. मग कॉलनी. मग नाव.

भाऊ उठले. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा धम्मानंदला आपण काय केलं ते कळलं. त्याने डाव्या हाताने फोन काढला.

"ताई, मी धम्मा. पोराइले आत घ्या अन् दार लावा. पोलिसाले फोन करा, लवकर!"

"काहून रे बापा?" प्रेमलताताई हसल्या. "लहाना आत्ताच दूध आणाले गेला."