दोन कॅसेट, एक जुम्मा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. या सदरात लोक आपले न उलगडलेले अनुभव लिहितात, मी वाचते, आणि बहुतेक वेळा मनात म्हणते — अहो, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलं असेल. माझा धंदाच तसा आहे. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका छोट्या स्टुडिओत मी नऊ वर्षं साउंड एडिटर आहे. कंपन्यांचे ट्रेनिंग कोर्स, साइटवरच्या कामगारांसाठी सेफ्टीच्या सूचना... आलेला आवाज कापायचा, खोकले काढायचे, तुकडे वेगवेगळ्या ट्रॅकवर एकाखाली एक मांडायचे आणि जुळेपर्यंत सरकवत बसायचं. "रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी कुजबुजतंय" असा घाबरलेला फोन मला आजवर तीन वेळा आलाय. तिन्ही वेळा ते शेजारच्या खोलीतलं कोणीतरी होतं.

तर अशा बाईचं काय झालं ते ऐका.

आम्ही राहतो उम्म अल कुवैनला. मी, नवरा, सात वर्षांची मुलगी, आणि दोन वर्षांपासून अम्मी-अब्बा. अब्बा फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर एकतीस वर्षं फिटर होते. रिटायर होऊन गावी गेले — दापोलीकडचं खाडीकाठचं गाव आमचं — आणि तिथे त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी दोघांना इकडे घेऊन आले. पाय सुधारला, हात बराच सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. एकच शब्द उरला, अरबीतला 'चला'. यल्ला. चहा हवा, यल्ला. चहा नको, यल्ला. मुलगी आता त्यातली एक्स्पर्ट झालीय. "ममा, दॅट वॉज अ नो यल्ला," असं मला शिकवते.

आणि अम्मी? अम्मी त्यांचं सगळं करते. भरवते, दाढी करते, व्यायाम घेते. पण त्यांच्याशी बोलत नाही. म्हणजे कामापुरतं बोलते. हे झटक्यानंतरचं नाही, माझ्या जन्माआधीपासूनचं आहे.

माझ्या आधी त्यांना एक मुलगा होता. इम्रान. अडीच वर्षांचा असताना तापाने गेला. अब्बा तेव्हा फुजैराला. घरच्या मोठ्यांनी ठरवलं, त्याला इतक्यात कळवायचं नाही, वेड्यासारखा धावत येईल आणि नोकरी घालवून बसेल. अम्मीने गुपचूप कॅसेट भरली. त्या काळी आमच्याकडे पत्रापेक्षा कॅसेटच जास्त चालायची. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि सुट्टीवर जाणाऱ्या-येणाऱ्या गाववाल्याच्या बॅगेत टाकायची. ऐकून झालं की तिच्यावरच नवीन भरून परत पाठवायची. म्हणून जुनं काही उरत नाही.

अम्मीची कॅसेट न्यायला माणूस मिळाला महिन्याभराने. पण त्याआधीच, म्हणजे इम्रान गेल्यावर दोन आठवड्यांनी, अब्बांची एक कॅसेट गावात पोचली. त्यात अब्बा म्हणत होते — रडू नकोस. तुझी चूक नाय.

अम्मीने त्याचा एकच अर्थ काढला. याला कळलंय. कोणीतरी सांगितलंय. कळूनसुद्धा हा माणूस आला नाही, आणि अर्ध्या तासाच्या कॅसेटमध्ये पोराचं नावसुद्धा घेतलं नाही. माझ्या चुलत्यांनी कुराणावर हात ठेवून सांगितलं की आम्ही कळवलं नाही. वर्षाने सुट्टी मिळून अब्बा आले, तेही म्हणाले, ती कॅसेट भरली तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. "मग रडू नकोस कोणाला म्हणालात?" यावर अब्बा, त्या दिवशी मन लागत नव्हतं, तोंडाला आलं ते बोललो, एवढंच म्हणायचे आणि अंगणात जाऊन बसायचे. अम्मीने त्या कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची छोटी टॅब मोडून टाकली. ती मोडली की कॅसेटवर नवीन भरता येत नाही. पुरावा जपून ठेवला, असं ती स्वतः म्हणायची. लहानपणी मी तो पुरावा कितीदा ऐकलाय. दोन वाक्यं बोलायची आणि लांबच लांब थांबायचं. आम्हाला वाटायचं, अब्बा माइकसमोर लाजतात.

या वर्षी स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्यांना त्यांचा जुना आवाज ऐकवा, कधीकधी उपयोग होतो. जुना आवाज म्हणजे तीच एक कॅसेट. अम्मीने कपाटातून काढून दिली. आणि मला आठवलं, अब्बांच्या फुजैराच्या सामानात, पान्यांच्या डब्यात, एक कॅसेट मी पाहिली होती. काढून बघितली तर तिचीही टॅब मोडलेली. ती अम्मीची होती. तिने गुपचूप भरलेली. अब्बांनी ती पुसली नव्हती, एवढी वर्षं पान्यांमध्ये जपली होती. अम्मीला हे माहीत नव्हतं. तिच्याकडे यांचा आवाज, यांच्याकडे तिचा, आणि दोन्ही कॅसेट आजवर कधी एका घरात एकत्र वाजल्याच नव्हत्या.

शनिवारी सकाळी मी दोन्ही कॉम्प्युटरवर घेतल्या. सुरुवातीची कोरी टेप कापली, रेकॉर्डचं बटण दाबल्याचा तो "खट्" आवाज येतो तिथपासून पुढचं ठेवलं. मला त्या एकापाठोपाठ एक लावायच्या होत्या. पण मागून मुलगी डोशासाठी ओरडत होती, सॉफ्टवेअरने काहीतरी विचारलं, आणि मी न वाचताच एंटर दाबलं. नऊ वर्षं हे काम करून ही अक्कल! दोन्ही क्लिप दोन वेगळ्या ट्रॅकवर, एकाखाली एक, दोन्ही शून्यापासून सुरू.

अनडू करणार होते. हात थांबला.

वरच्या ट्रॅकवर जिथे आवाज होता तिथे खालचा सपाट होता. खालचा उठला की वरचा सपाट. पुढे सरकवत गेले, पाच मिनिटं, दहा, वीस... शेवटपर्यंत तसंच. झिपचे दात एकमेकांत बसतात ना, तसं. मी स्पेसबार दाबला.

"हां. सलाम," अब्बा म्हणाले. "आज जुम्मा. रमजानच्या आधीचा शेवटचा."

"सलाम." ही अम्मी. केवढा कोवळा आवाज! "शेवटचा जुम्मा आज. बाप्ये नमाजाला गेलेत. घरात कोण नाय म्हणून बोलतंय."

"बरा झाला. निवांत बोल."

 मी स्वतःला म्हटलं, योगायोग. कॅसेटवर लोक असंच बोलतात, समोरचा हूं म्हणेल म्हणून थांबतात. पुढे ऐकलं.

अम्मी सांगत होती, ताप चढला तेव्हा ओहोटी होती. होडी चिखलात रुतलेली. पलीकडे डॉक्टर, आणि ही पोराला खांद्यावर घेऊन धक्क्यावर उभी, पाणी चढायची वाट बघत. "मी चालत निघाले असते तर? गुडघाभर चिखल होता. मी का नाय निघाले?"

"तुझी चूक नाय," खालच्या ट्रॅकवरून अब्बा म्हणाले. "ऐकतेस ना? तुझी चूक नाय."

मग अम्मीचं रडणं. बराच वेळ. त्यात अब्बा मध्येच एकदा, अगदी हळू, "रडू नकोस."

मी लहानपणापासून ऐकलेली ती वाक्यं. तीच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. फक्त आज पहिल्यांदा ती कोणाला तरी बोललेली वाटत होती.

आता धंद्यातलं एक सांगते, कारण माझी झोप त्याने उडवली. दोन वेगवेगळे टेपरेकॉर्डर कधीही एका वेगाने चालत नाहीत. गावचा तर सेलवर चालणारा. अशा दोन टेप शेजारी लावल्या तर दोन-तीन मिनिटांत एकमेकींपासून सरकायला लागतात. या तेवीस मिनिटं सरकल्या नाहीत. मी मुद्दाम अब्बांची क्लिप अर्धा सेकंद पुढे ढकलून बघितली. लगेच दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागले. परत शून्यावर आणली. परत बसली.

सोमवारी ऑफिसात आमच्या सीनियर थॉमसना दाखवलं. केरळचे आहेत, टेपच्या जमान्यातले इंजिनियर. मराठी येत नाही, पण कान असा की एसीची घरघर ऐकून कंपनी सांगतील. पाच मिनिटं ऐकून हेडफोन काढला. "ये तो फोन कॉल है. तुमने दोनों साइड अलग ट्रॅक पे डाला है, सिंपल."

मी सांगितलं, कॉल नाही. दोन कॅसेट, दोन देश, आमच्या गावात तेव्हा फोनच नव्हता. त्यांनी दोन्हींचा हिस, म्हणजे टेपची मागची सततची सरसर, ऐकला, मोजला, कॅसेट हातात घेऊन उलट्यापालट्या केल्या. तासभर गेला. शेवटी माझी खुर्ची मला परत देत म्हणाले, "खलास. मेरे पास जवाब नहीं है. मदर को सुनाया?"

नव्हतं ऐकवलं. भीती वाटत होती, खरं सांगते. अम्मी तिच्या रागावरच उभी आहे असं मला कायम वाटत आलंय. राग काढून घेतला आणि ती कोसळली तर? आणि अब्बा तर आता हो-नाहीसुद्धा सांगू शकत नाहीत. पण ते जर असेच गेले, तर ती त्यांना खोटारडा समजतच राहणार. शुक्रवारी अर्धा दिवस असतो. घरी आले, जेवणं झाली, दोघांना हॉलमध्ये बसवलं. अब्बा खुर्चीत, अम्मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. मी लॅपटॉप स्पीकरला जोडला.

स्वतःचा आवाज ऐकल्यावर अम्मी दचकली. "ही कुठे मिळाली?"

"अब्बांच्या पान्यांच्या डब्यात."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग ऐकत राहिली. होडीपाशी आल्यावर तिने पदर तोंडात धरला. "तुझी चूक नाय" आलं तेव्हा ती उठून उभी राहिली, आणि कुठे जायचं ते न कळून परत बसली. या वेळी अब्बांच्या खुर्चीजवळ, खाली.

एकविसाव्या मिनिटाला अम्मी कॅसेटमध्ये म्हणते, "इथे कोण तेचा नाव काढत नाय. मना वाटतं तो झालाच नव्हता. तुम्ही एकदा घ्या. तुमच्या तोंडून. एकदाच."

त्यानंतर अकरा सेकंद दोन्ही ट्रॅक सपाट आहेत. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये दोघं एकदम गप्प असलेली तेवढी एकच जागा. मी आठवडाभर ती जागा बघत होते. सगळं जुळलं आणि नेमकं हेच नाही जुळलं, याचं मला वाईट वाटलं होतं.

स्क्रीनवरची रेघ पुढे सरकत होती. तीन सेकंद. चार. नुसता टेपचा हिस.

"इम्रान."

मी स्पीकरकडे बघितलं. अम्मीने नाही बघितलं. तिने वर, अब्बांकडे बघितलं. त्यांचं तोंड वाकडं झालेलं, हनुवटी थरथरत होती, आणि शब्द स्वच्छ. "इम्रान," ते परत म्हणाले. "माझा इम्रान."

आणि मग स्पीकरमधून, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या त्या फिटरचा आवाज आला, "बास. आता रडू नकोस. जरा पड जा." माझी रेघ बरोबर अकराव्या सेकंदावर होती.

अम्मी रडली. अशी रडली की शेजारची बंगाली बाई दार वाजवून विचारायला आली. तिचा हात अब्बांच्या गुडघ्यावर होता आणि ती एकच म्हणत होती, "तुम्हाला खरंच माहीत नव्हता. खरंच नव्हता." मीही रडले. आत्ता लिहितानाही डोळे भरतायत, त्याला इलाज नाही.

त्यानंतर अब्बा परत यल्लावर आले. थेरपिस्टला सांगितलं तर ती म्हणाली, अशा पेशंटचा एखादा शब्द अचानक निघतो, विशेषतः भावना उसळली की. मानलं. तेवढ्याचं उत्तर मिळालं. पण दोन टेप तेवीस मिनिटं एका चालीने कशा चालल्या? बातमी न कळलेला माणूस समुद्रापलीकडे बसून बायकोच्या प्रश्नांना उत्तरं कशी देत होता? आणि त्या अकरा सेकंदांची जागा तेव्हा कोणी सोडली? मी आवाज मोजून पोट भरते, आणि माझ्याकडे याचं काहीही उत्तर नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. पंख्याचं बेअरिंग सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीने चिकटपट्टी मागितली. बघते तर अब्बांच्या कॅसेटच्या मोडलेल्या टॅबच्या भोकावर ती पट्टी लावत होती. अब्बांचा जुना टेपरेकॉर्डर समोर काढून ठेवलेला. भोक बुजवलं की कॅसेटवर परत भरता येतं.

"अम्मी, काय करतेस? जुनं पुसलं जाईल!"

"पुसू दे," ती म्हणाली. नखाने पट्टी नीट दाबली, कॅसेट आत घातली आणि टेपरेकॉर्डर अब्बांच्या मांडीजवळ ठेवला. "मना आता तेचा काय काम? बोला हो तुम्ही. काय पण बोला."

अब्बांनी तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, यल्ला. तो हो होता की नाही, हे त्या दिवशी मुलीला विचारावं लागलं नाही.