माडीऐवजी पेज

कोणताही नवा बैल आला की म्हातारा आधी त्याच्या नाकपुडीत हळूच फुंकर घालायचा. ओहोटी सुरू झालेली, खाडीपलीकडे जाणारा पडाव धक्क्याला लागलेला, उतारू मला शिव्या घालत उभे, आणि हा म्हातारा बैलाच्या नाकात फुंकतोय. दिघीच्या तरीवर, म्हणजे होड्यांच्या धक्क्यावर, मी तेव्हा कारकून होतो. ओरडलो तर मागे न बघताच म्हणायचा, "जरा दमानं, भाऊसाहेब. त्याला माजी वळख तर पटूं दे."

तुम्हालाही असा एखादा माणूस भेटला असेल. तो बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि म्हणूनच डोक्यात जातो.

बैलांना पडावावर चढायला शिकवणं हे त्याचं काम. शेतातला बैल हलती फळी पाहिली की खूर रोवून उभा राहतो. म्हणून म्हसळ्याकडचे शेतकरी खाडीपलीकडे न्यायचे बैल आधी त्याच्याकडे वीसेक दिवस ठेवत. त्याची रीत अशी, की बांबूच्या नळीतून बैलाला माडी पाजायची आणि भीती निवली की फळीवर न्यायचं. स्वतः मात्र त्यानं जन्मात थेंब चाखला नव्हता.

मला त्या वासाचा संताप यायचा. माझे वडील माडीपायी गेले. मी ताडीमाडीविरुद्ध शपथ घेतलेला, गावात सभा भरवणारा माणूस, आणि माझ्याच कचेरीच्या मागे याचं मडकं. जनावरांना व्यसन लावता, असं मी त्याला एकदा सुनावलं. "व्हय," तो म्हणाला, "आन सोडवतो पन."

एकदा मी हट्टच धरला, की पाच दिवस शिकवलेला बैल न पाजता चढवून दाखवा. त्यानं आणला. बैल फळीसमोर असा थिजला, जणू ती त्यानं कधी पाहिलीच नव्हती. पाच दिवस शिकवलंत ते काय, असं मी हसून विचारलं. तो चिडला नाही. त्यानं नळी पाजली आणि बैलाशेजारी उकिडवा बसला. अर्धा तास. माझा जीव जायची वेळ आली. मग उठला, तसा तोच बैल आपल्या गोठ्यात शिरावा तसा फळीवरून गेला.

"इसरला न्हवता," तो म्हणाला. "झिंगेत शिकला, तर झिंगेतच त्याला गावतंय. आता त्याला तिथनं हळूहळू हिकडं आनायचा."

आणायचा म्हणजे माडीत रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्यायचं. शेवटच्या दिवशी नळीत निव्वळ पाणी असे, आणि बैल ते पिऊन शहाण्यासारखा चढे. मला हा सगळा खुळेपणा वाटे.

आजवर हे कुणाला सांगितलं नाही, ते आता सांगतो. शिमग्याच्या सुमारास एक पांढरा बैल आला होता. त्याचा दहावा दिवस. म्हातारा जेवायला गेला, तेव्हा मी मडकं खाडीत रितं केलं आणि त्यात पेजेचं पाणी भरलं. रंग जुळला, वास मडक्यालाच मुरलेला होता. शेवटी पाणीच पाजायचं, तर आज का नको, असा माझा हिशेब. बैल चढला की सगळ्यांदेखत त्याचं पितळ उघडं पाडायचं, असं मी ठरवलं होतं.

बैल अडला. म्हाताऱ्यानं नळीकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. त्याला इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. ओहोटी लागलीय, चढवा लवकर, असं मीच खेकसलो. पाजलंय म्हणजे जाईल, या भरवशावर त्यानं ओढून चढवला. खाडीच्या मध्यावर बैलानं पाण्यात उडी घेतली. कासरा म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला वेढलेला होता. बैल पोहून काठाला लागला. हात मात्र पडावाच्या कडेवर पिचला तो पिचलाच.

पण त्याचं खरं नुकसान हाताचं नव्हतं. शेतकरी नंतरही बैल घेऊन यायचे, हात चालत नसला तरी बसून सांगा म्हणायचे. तो त्यांना परत पाठवायचा. जनावरातलं मला कळतंय असं वाटत होतं, ते खोटं होतं, एवढंच सांगायचा. माझं एक वाक्य त्याला परत उभं करू शकलं असतं.

वैशाखात मी एकदा त्याच्या पडवीत जाऊन बसलो, ते वाक्य बोलायलाच. त्यानंच आधी विचारलं, "भाऊसाहेब, तुमी रोज बगत व्हता. माजं काय चुकलं?"

माझी नोकरी, गावातली माझी सभा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "बैलच वाईट होता, बाबा."

त्यानं मान हलवली. "मुक्या जनावराला नका बोल लावूं. चुकलं माजंच. कुटं, त्येवडं गावत न्हाय."

मला त्याचा राग आला, खरं सांगतो. त्यानं माझ्यावर संशय घ्यावा, शिवी द्यावी, असं वाटत होतं. एवढं बारीक पाहणाऱ्या माणसाला माझ्या तोंडावरचं दिसू नये?

आषाढात तो गेला. मयताला येण्याचा निरोप सकाळीच आला होता. पावसामुळे पडाव वर ओढून ठेवलेले, दिवसभर मला काही काम नव्हतं. मी कचेरीचं दार आतून लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो.