गिटारमधली टिकटिक

आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार माझी होती, आणि गिटारमध्ये टिकटिक येत होती. गाणं थांबलं की स्पष्ट ऐकू यायची. स्पीकरच्या आत बसून कुणी काडेपेटीवर नखानं ठोकत असावं, तशी. पहिल्या रांगेतले लोक आधी स्पीकरकडे बघायचे, मग माझ्याकडे.

मी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. मुर्री गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस, आणि हे सांगायला मी कधी लाजत नाही. गिटारचा आवाज बदलणारी सगळी पेडलं प्लायवूडच्या फळीवर मीच बसवली होती, तारा मीच सोल्डर केल्या होत्या. कीबोर्डवाला माझा कॉलेजातला दोस्त. त्याचं शिक्षण अर्ध्यात सुटलं, पण डबा आम्ही एकच खाल्लेला. मिडीची, म्हणजे दोन वाद्यं एकमेकांना जोडायची, कल्पना त्याचीच. त्याच्या कीबोर्डपासून माझ्या फळीपर्यंत एक केबल. तिच्यातून आवाज जात नाही, नुसते हुकूम जातात. त्यानं गाणं लावलं की माझी पेडलं आपोआप बदलायची. मला पायानं चाचपडायला नको.

ऑर्केस्ट्राचा मालक गोंदियाचा, हिंदीतच बोलायचा. "अरे, ये घड़ी बंद कर. मंडई तक साफ नहीं हुआ, तो गिटार भी कीबोर्ड से बजवा लूँगा. एक आदमी कम. समझा?"

नवेगाव बांधकडची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, जवळ आली होती. मी अंगणात फळी उलटी करून बसलो. अॅडॅप्टर बदलला, पेडलांना वेगवेगळ्या बॅटऱ्या लावल्या, तारा विजेच्या वायरीपासून दूर नेल्या. बाबा धानाच्या बांधीतून आले, पाय धुता धुता म्हणाले, "एवढा शिकलास ते कायले? पेट्या उकलाले?"

दोस्त कीबोर्ड घेऊन घरी आला. सगळं जोडलं, तर टिकटिक नाही. दुसऱ्या दिवशी स्टेजवर पुन्हा हजर. शेवटी सायबर कॅफेत जाऊन वाचलं, तेव्हा कळलं की कीबोर्ड त्या केबलीतून गाण्याची लयही सारखी पाठवत राहतो. त्याला क्लॉक म्हणतात. माझ्या फळीला त्याची गरज नव्हती, पण ते चालू असलं की आवाजात झिरपू शकतं.

"तुह्या मशीनचं क्लॉक तर चालू नाही ना?" मी त्याला विचारलं.

"नाही बे. पहिल्याच दिवशी बंद केलं. तुह्या फळीतच काही ढिलं होऊन राहिलं. सोल्डर कोणं केलं, साहेबानं ना?"

मी हसलो. त्याचं मशीन उघडून पाहिलं नाही. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावायचा नाही, हा आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीतला कायदा होता. आणि दोस्ताच्या वाद्याला तर शंकेनं हात लावायचाच नाही.

मंडईत आमचा कार्यक्रम दुपारचा, कारण रात्री त्याच स्टेजवर नाटक होतं. एक संथ गाणं संपलं. गायिका पाणी पीत होती. स्पीकरमध्ये टिकटिक संथ चालली होती. तेवढ्यात दोस्तानं पुढचं नाचाचं गाणं लावलं. अजून एक ठोका वाजला नव्हता, आणि टिकटिक पळायला लागली.

ढिली तार कधी लय धरत नाही.

मी सरळ त्याच्याकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या मशीनची बटणं दाबली. कीबोर्डच्या छोट्या स्क्रीनवर क्लॉक चालू दिसत होतं. बंद केलं. स्पीकर गप्प.

"राहून गेलं असेल," तो म्हणाला.

"माह्या घरी बंद, स्टेजवर चालू. काऊन बे?"

त्यानं माइकवर हात ठेवला. आवाज चढवला नाही, हिशेब समजावून सांगावा तसं बोलला. "मालक कधी ना कधी एक माणूस कमी करणारच होता. तुह्यापाशी डिग्री आहे, तू कुठंही लागशील. मी कुठं जाऊ?"

ज्या डिग्रीचा मला एवढा अभिमान, तीच धरून त्यानं मला बाजूला काढलं होतं.

पडद्याआडून मालक ओरडला, "अब एकदम साफ! चलो, शुरू करो." म्हणजे माझी जागा वाचली होती.

त्या गाण्यात मध्ये माझा एकट्याचा तुकडा होता, मीच बसवलेला. सरावासाठी म्हणून दोस्तानं तो माझ्याकडून सूर सूर काढून घेतला होता. ती जागा आली तेव्हा मी तारांवरून हात उचलला. मला बघायचं होतं. क्षणाचीही पोकळी पडली नाही. कीबोर्डमधून गिटारचा आवाज निघाला आणि माझा तुकडा जसाच्या तसा वाजला, शेवटी मी सूर जरा ओढतो त्या ओढीसकट. एवढं एका दिवसात बसत नाही. त्यानं मान वर केली नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

सुपारी घेतली होती, म्हणून कार्यक्रम शेवटपर्यंत वाजवला. नाटकवाले त्यांचे पडदे बांधत होते, मी फळी आवरत होतो. मालक आला. "कल सालेकसा में रिसेप्शन है. टाइम पे आना."

"मी नाही येत जी."

"क्यों? अब तो आवाज साफ है!"

दोस्त तिथंच उभा होता, कीबोर्डच्या पिशवीची चेन हातात धरून. मी काय सांगतो, त्याची वाट बघत. मी एक शब्द बोललो असतो, तर त्याचं काम त्याच संध्याकाळी गेलं असतं. मालकाला मी काहीच सांगितलं नाही. दोस्ताला माफ केलं म्हणून नाही. त्याच्यासारखं वागायचं नव्हतं म्हणून.

फळी खांद्यावर घेतली आणि मंडईच्या गर्दीतून बसस्टँडकडे निघालो. पार्टीच्या गाडीत माझी सीट त्या दिवशी रिकामीच गेली असेल.