खिडकीत मावेल एवढी बादली

वश्ती फ्रेकला कुणी काही सांगितलं की ती आधी 'नाही' म्हणायची आणि मग काय सांगितलं ते ऐकून घ्यायची. सत्तरी ओलांडली तरी ही खोड गेली नव्हती. केटल आर्म या खाडीकाठच्या लहानशा गावातल्या मासळी कारखान्यात बर्फाच्या पाण्यात हात घालून कॉड मासे चिरण्यात तिचा उभा जन्म गेला. बोटं वाकडी झाली, हेका मात्र सरळच राहिला. मुकादमापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना तिनं कधी ना कधी दारातून परत पाठवलं होतं. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, हिला स्वर्गात चल म्हटलं तर ही होडी उलटी वल्हवेल.

तिच्या मागच्या खोलीत गांजाची चार झाडं होती. चोरून नव्हे, राजरोस. कायद्यानं घरटी चार झाडांची मुभा दिली, तेव्हा केटल आर्मच्या म्हाताऱ्यांनी बटाट्याच्या वाफ्याशेजारी हाही एक पाला म्हणून तो लावून टाकला. बाहेरची थंडी त्याला सोसेना, म्हणून मग घरात, दिव्यांखाली. वश्ती लोण्यात शिजवून त्याचं मलम करायची आणि निजताना बोटांना चोळायची. बोटं मिटायची, झोप लागायची. डॉक्टरांचं यावर काय मत आहे हे तिनं विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मानलं नसतं.

केटल आर्ममध्ये कुंडी कुणी विकत घेत नाही. रविवारच्या जेवणाचं खारं मांस ज्या पांढऱ्या बादल्यांतून येतं, त्याच बादल्यांत पुढं बेरी, खिळे, राख, आमिष, सगळा संसार चालतो. गांजाही त्यातच लागला. पण कायदा झाडं मोजतो, बादली मोजत नाही, ही गोष्ट गावाच्या फार लवकर ध्यानात आली आणि तिथंच सगळे फसले. चारच लावायची ना, मग चार वृक्षच लावू! जो तो घरातलं सगळ्यात मोठं भांडं शोधायला लागला. चुलतभाऊ सेल्बीनं तर धक्क्यावरची मासळीची पेटीच उचलून आणली. आत माणूस पाय पसरून निजेल एवढी ती पेटी, आणि त्यात बोटभर रोप! मातीचा ढीग ओलाच्या ओला, पिणारं एवढंसं. पंधरवड्यात मुळं कुजून गेली. अति तिथं माती म्हणतात ते हेच.

वश्तीची पहिल्या वर्षीची चारही रोपं अशीच मोठ्या बादलीत बुडून मेली. त्यानंतर तिनं घाई सोडली. बी रुजवायचं ते दुधाच्या रिकाम्या टीनच्या डब्यात, बुडाला भोकं पाडून. डब्याच्या तळाशी मुळं दिसू लागली की लहान बादली. त्यातही मुळांनी फेर धरला की मग मोठी. लहान बादलीतच ठेवलं तर झाड बुटकं राहतं, रोज पाणी मागतं, पण मरत नाही, बेतानं फुलतंही. मोठ्या बादलीत गेलं की अंगानं भरतं, मग त्याला वर टांगलेले दिवे लागतात, दिव्यांना वीज लागते आणि माणसाला पुढचे चार महिने घर सोडता येत नाही. म्हणून वश्ती कुठली बादली काढते यावरून गाव तिच्या मनातलं ओळखायला बघायचं.

आणि गावाला ते ओळखायची भारी निकड होती. सरकारला केटल आर्म उठवायचं होतं. मूठभर म्हाताऱ्यांसाठी फेरीबोट चालवा, विजेच्या तारा सांभाळा, हे त्यांना परवडेना. जवळपास सगळ्यांनी 'हो' म्हटलं तर घरटी पैसे मिळणार, दुसरीकडे बिऱ्हाड थाटता येणार. नाही म्हटलं तर काहीच नाही, आणि अशा ठिकाणचं घर विकत कोण घेणार? पहिलं मतदान एका मतानं हुकलं. मतदान गुप्त होतं, पण वश्तीनं धक्क्यावर उभं राहून आपलं मत आधीच ओरडून सांगितलं होतं.

तेव्हापासून धाकटी बहीण डॉर्कस बोलेनाशी झाली. दोघींची घरं समोरासमोर. दुसऱ्या मतदानाची तारीख लागली तेव्हा एका सकाळी ती मागच्या दारानं आत आली आणि झाडांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"ताई, तुला काय! तू आणि तुझी ही झाडं."

"हो. आणि माझं घर, माझी विहीर, आणि त्या टेकडीवर माझा नवरा."

"मेलेला नवरा, ताई. माझा अजून जिवंत आहे."

वश्तीनं झारी उचलून पहिल्या रोपाला पाणी घातलं. डॉर्कसच्या नवऱ्याचं, एल्डरेडचं, हृदय कमकुवत होतं. मागच्या हिवाळ्यात खाडी गोठलेली, फेरी बंद, आणि तो स्वयंपाकघरातल्या बाकावर निळा पडून हेलिकॉप्टरची वाट बघत होता. त्याचे पाय वश्तीच्याच मांडीवर होते.

"पैसे मिळाल्याशिवाय आम्ही कुठं जाणार गं?" डॉर्कस म्हणाली. "तुझ्या एका 'नाही'पायी तो मेला, तर मी तुझं तोंड बघणार नाही. लिहून ठेव."

"आत्ता कुठं बघतेस?" वश्ती म्हणाली. पण दार लागल्यावर तिनं पाणी घातलेल्याच रोपाला परत पाणी घातलं.

दुसरं मतदान बर्फ वितळायच्या आत झालं. एकूणएक मत 'हो'. डॉर्कस ताजा पाव आणि बेरींचा मुरंबा घेऊन धावत आली, आणि बहिणीच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली.

"नाक पूस आधी," वश्ती म्हणाली. "मुरंब्यात पडेल."

त्याच सुमाराला रोपं डब्यांतून काढायची वेळ आली. वश्तीनं एका दुपारी दिवे बंद करून पाहिले. खोली काळोखी झाली. ती पुढच्या खोलीतल्या दक्षिणेच्या खिडकीशी गेली, खिडकीची कड वितीनं मोजली, आणि मग लहान बादल्या घासायला घेतल्या. भीती वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती. पण भीती वाटली की वश्तीला आधी राग यायचा, आणि राग आला की हात चालायचे.

पाना मागायच्या निमित्तानं सेल्बी डोकावला. त्याला पाना नको होता.

"वश्ते, मोठ्या बादल्या कुठं गेल्या?"

"बाहेर पालथ्या पडल्यात."

"अस्सं! म्हणजे बोटीत मांडीवर घ्यायची सोय!" सेल्बी खूश झाला. "मी म्हणतच होतो, एवढी फणा काढणारी नागीण शेवटी टोपलीत बसलीच."

"पाना घे आणि चालू लाग."

चहाची वेळ व्हायच्या आत ही बातमी सगळ्या दारांत पोचली. वश्तीनं लहान बादली काढली, म्हणजे वश्ती चालली. सेल्बीचं हसणं तिनं सोडून दिलं. लागलं ते डॉर्कसचं आनंदणं. तिनं नव्या गावात ताईसाठी खोलीसुद्धा ठरवली, वर सांगत आली, "खिडकी आहे हो खोलीला." आपण जन्मभर जिला अंगाखांद्यावर वाढवलं तिलाही आपण कळलो नाही, याचं वश्तीला फार वाईट वाटलं. पण सांगितलं असतं तर डॉर्कस गेली नसती. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

मे महिन्याच्या अखेरीस शेवटची फेरी लागली. त्याच दुपारी वीज तोडणार होते. धक्क्यावर गाद्या, खुर्च्या, बांधलेले कुत्रे. वश्ती आली ती एका हातात मोठी रिकामी बादली आणि दुसऱ्या हातात लहान बादलीतलं एक झाड घेऊन. मोठी बादली तिनं पालथी घातली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली.

"तुझं सामान कुठाय, ताई?"

"घरी."

"अगं, बोट सुटेल! तू 'हो' म्हणाली होतीस ना?"

"गावानं जावं का, असं विचारलं होतं. जावं, म्हटलं मी. वश्ती जाणार का, हे कुणी विचारलं?"

डॉर्कसचा चेहरा उतरला. "आणि पैसे?"

"त्यासाठी घर सरकारला लिहून द्यावं लागतं. मी नाही दिलं."

सेल्बी पुढं झाला. "अगं ए शहाणे, दुपारी वीज जाणार! दिव्याशिवाय तुझी झाडं तरी जगतील का?"

"म्हणून तर लहान बादलीत लावलीत, गाढवा. मोठी बादली खिडकीत बसत नाही. आता दिवस मोठा होत चाललाय. ऊन पडलं की उचलून पायरीवर ठेवीन, गारठा पडला की आत घेईन. माझ्यापुरतं मलम निघेल तेवढ्यात. अंथरूण पाहून पाय पसरायला शिकलेय मी. तुझी पेटी आठवते ना?"

दोघंतिघं हसले. डॉर्कस हसली नाही. "मरशील इथं एकटी," ती ओरडली.

"मरेन की! तुझ्या त्या खोलीत काय अमर होणार होते?" वश्तीचा आवाज चढला होता. मग तिनं झाड उचलून बहिणीच्या हातांत दिलं. "हे घे. एल्डरेडला हात लावू देऊ नकोस, त्याच्या हृदयाला सोसायचं नाही. तुझ्या गुडघ्यांना मलम कर. आणि तिथं गेल्या गेल्या मोठ्या भांड्यात लावायची घाई करू नकोस. मुळं आधी या मातीत धरू देत."

डॉर्कसनं मान हलवली. एल्डरेडनं टोपी काढली आणि ती परत घालायचं विसरला.

बोट खडकामागं जाईपर्यंत डॉर्कस कठड्याशी बादली कवटाळून उभी होती. वश्तीनं हात हलवला नाही. हात हलवला असता तर तो डोळ्यांकडे गेला असता. बोट दिसेनाशी झाल्यावर मात्र ती पालथ्या बादलीवर बसून मोठ्यांदा रडली. ऐकायला आता कुणी नव्हतं.

दुपारी घरातला फ्रिज घुरघुरायचा थांबला, आणि नळाचा पंपही. खिडकीत तीन झाडं एका ओळीत बसली होती, चौथ्याची जागा रिकामी. वश्तीनं मातीत बोट घातलं, ती कोरडी लागली. मोठी बादली घेऊन ती विहिरीवर गेली. काठोकाठ भरली, उचलून पाहिली, बोटांनी दगा दिला. तिनं विहिरीला, सरकारला आणि सेल्बीला एकेक शिवी हासडली, निम्मं पाणी ओतून दिलं आणि बादली उचलली. आता हाताला पेलली. घरी जाऊन तिनं झाडांना पाणी घातलं, आणि उरलेल्या अर्ध्या बादलीसाठी परत विहिरीकडे निघाली.