पूजेला की उडवायला? बंदुकीच्या दस्त्यासाठी उल्हासनगर ते बदलापूर

वडिलांची बारा बोअरची बंदूक परवान्यासह माझ्या नावावर आली, हे माझ्या धाकट्या भावाला, नानाला, अजून पचलेलं नाही. यंदा खंडेनवमीच्या शस्त्रपूजेसाठी पुसायला काढली आणि माझ्याच हातून निसटली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मानेपाशी तडकला.

नाना फोनवर म्हणाला, “ताई, भंगलेलं शस्त्र पाटावर मांडत नाहीत. उडवता तुला येत नाही. ना पुजायची, ना उडवायची, मग पोलिसांत जमा करून टाक!”

मी फोन आपटला. मोबाइल आपटायचा नसतो, हे काच तडकल्यावर आठवलं.

कल्याणच्या बंदुकांच्या परवानाधारक दुकानदाराने दस्ता सोडवून दिला. बंदूक त्याच्याकडेच ठेवली. ती घेऊन रिक्षात बसायचं नसतं, वाचकहो. नव्या अक्रोडी दस्त्याचा भाव ऐकून मी पाणी मागितलं आणि जुनाच उशीच्या अभ्र्यात घालून निघाले.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी ताठ बसायला शिकवलं होतं. शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर ते शिक्षण वाया गेलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आधी दाल-पकवान खा. भाव नंतर विचारा. एका सिंधी शेठजींनी दस्ता उलटापालटा केला.

“अम्मा, सोफे का हाथ है?”

“बंदूक का है.”

शेठजी एक पाऊल मागे गेले. मग धंदा आठवला. “नया बना देंगे. ऊपर सनमायका, पीछे थोडा फोम. आराम से चलाओ!”

वडिलांच्या बंदुकीला फोम! मी इतक्या ताठ मानेने बाहेर पडले की दस्ता तिथेच राहिला. परत जाऊन आणावा लागला.

अंबरनाथ पूर्वेला शाळेतल्या मैत्रिणीचे यजमान राहतात, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. त्यांनी लाकडाच्या रेषांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. मी भक्तिभावाने विचारलं, “मग जोडून द्याल?”

मैत्रीण स्वयंपाकघरातून ओरडली, “अगं, हे तिथे पगारपत्रकं करायचे!”

कॉफी उत्तम होती. बदलापूरच्या एका सुताराचा पत्ताही मिळाला.

मोरिवलीवरून पुढे रस्ता असा खड्ड्यांचा, की तडा लांबेल या भीतीने मी दस्ता मांडीवर बाळासारखा धरला होता. सुताराने एकच विचारलं, “आजी, पूजेला हवाय का उडवायला?”

“फरक काय?”

“पूजेचा असंल तर गोंद नि पॉलिश, संध्याकाळी न्या. उडवायचा तर आतून खुंट्या घालाया लागतील, धक्का सोसाया हवा. सुकायला आठवडा.”

नवमी परवावर होती. शहाण्या बाईने ‘पूजेला’ म्हटलं असतं. माझ्या कानात नाना बोलत होता. मी म्हटलं, “उडवायला!”

नवमीला नाना आला. पाट रिकामा.

“दस्ता बदलापुरात सुकतोय,” मी म्हटलं. “उडवायला करून घेतेय.”

नानाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. “मग उडवून दाखव. नाहीतर दिवाळीनंतर जमा.”

आठवड्याने दस्ता आला. खर्च माझ्या चष्म्याच्या फ्रेमहून कमी. दुकानदाराने बसवून तपासून दिला आणि नानाच मला नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर घेऊन गेला. पहिल्याच बाराला मी दोन पावलं मागे गेले. नेमासाठी हवेत उडवलेली मातीची थाळी सुखरूप खाली आली. दस्ता मात्र तसूभर हलला नाही.

“याला उडवणं म्हणत नाहीत, ताई.”

“आवाज झाला ना?”

खांदा अजून जांभळा आहे, झोपताना कूस बदलवत नाही. जमा करण्याचा विषय नानाने पुन्हा काढलेला नाही.