खळीचं ठिगळ आणि निपाणीचे पाहुणे

मुलगी पसंत पडली असेल तर तिच्या वडिलांना तळ्यात बुडवू नये, एवढी साधी गोष्ट मला कुणी बजावली नव्हती.

लढाईचे दिवस होते. आम्ही वडगावात राहायचो. घरात दोन माग होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, लुगडी विणायचे आणि मी बेळगावातल्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. या शेवटच्या तपशिलामुळे माझं लग्न जमत नव्हतं.

"पोरगा मागावर बसत न्हाय, मग करतोय काय?" मुलीकडचे विचारायचे.

"पेपरात लिवतोय," आप्पा सांगायचे.

"ते कळलं हो. पण काम काय करतोय?"

यापुढे बोलणी सरकत नसत.

अशात निपाणीचं स्थळ आलं. मुलीचं नाव हौसा. तिचे वडील रामूअण्णा आमच्याच समाजाचे, पण माग सोडून तंबाखूच्या व्यापारात गेलेले. मी मुलगी पाहून आलो. मला ती पसंत पडली. (इतकी पसंत पडली, की परतताना मी उलट्या दिशेच्या मोटारीत बसलो आणि कोल्हापूर पाहून आलो!) मुलीचीही ना नव्हती असं कानावर आलं. प्रश्न फक्त रामूअण्णांच्या होकाराचा होता. तो द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी ते घर बघायला म्हणून आमच्याकडे मुक्कामाला आले.

रामूअण्णा धिप्पाड होते आणि कमी बोलायचे. आप्पा किरकोळ होते आणि घाबरले की जास्त बोलायचे. त्या संध्याकाळी आप्पा सलग बोलत होते. मागाबद्दल बोलून झालं, सुताच्या टंचाईबद्दल झालं, हवेबद्दल झालं. पाहुणे "व्हय" आणि "न्हाय" यापलीकडे जाईनात. शेवटी जेवताना आप्पांनी विचारलं, "पावणं, मासं आवडत्यात का?"

रामूअण्णांनी प्रथमच ताटातून मान वर केली. "शिंगाळा आसला तर."

शिंगाळा म्हणजे लांब मिशांचा, बिनखवल्यांचा, अंगावर खिळ्यासारखे काटे बाळगणारा मासा. अनगोळच्या पलीकडे एक तळं होतं, त्यात तो सापडायचा.

"मग सकाळी तळ्यावर जावा की!" आप्पा उसळून म्हणाले. "आमचा पोरगा न्हेतोय तुमास्नी. दर आईतवारी जातोय त्यो. टुबंवर बसून मासं धरतोय."

हे वृत्त निराधार होतं. मी त्या तळ्यावर एकदाच गेलो होतो, तेही गणपती विसर्जनाची बातमी आणायला. माझी थोरली बहीण आक्का वाढत होती. ती हळूच म्हणाली, "आप्पा, ह्यो न्हाणीत घसरून पडतोय. तळ्यात काय करणार?"

"तू गप गं," आप्पा म्हणाले.

ट्यूबवर बसून मासे धरण्याची टूम त्या काळी नवी होती. लष्कराच्या छावणीतल्या लॉऱ्यांच्या टाकाऊ ट्यूबा बाजारात मिळायच्या. ट्यूब फुगवायची, मधल्या भोकात नवारीची बैठक विणायची, तीत बसून पाय पाण्यात सोडायचे आणि हातांनी वल्हवत खोल पाण्यात जायचं. शेजाऱ्याकडे अशा दोन ट्यूबा होत्या. आप्पांनी त्या रातोरात मागून आणल्या. एक धड होती. दुसरीला बोटभर चीर होती.

लढाईमुळे रबराचं सोल्युशन कुठे मिळत नव्हतं. आप्पा म्हणाले, "आता रं?"

"खळ हाय की," मी म्हणालो.

इथे खुलासा करणं भाग आहे. खळ म्हणजे सुताला कडकपणा यावा म्हणून विणकर लावतात ती पिठाची पेज. वडगावात खळीने चिकटत नाही असं काही नाही, अशी आमची पक्की समजूत होती. पतंग खळीने, पुस्तकाची बांधणी खळीने, देवाचा फाटका फोटो खळीने. मी लुगड्याच्या कापडाचे पाच थर खळीत बुडवून त्या चिरेवर चढवले आणि चुलीपुढे वाळवले. ठिगळ लाकडासारखं टणक झालं. सायकलच्या पंपाने हवा भरली. आप्पांनी ठिगळाला कान लावला.

"आवाज न्हाय," ते म्हणाले. "झकास झालंय! लॉरीला लावली तरी चालंल."

आमचं घराणं तीन पिढ्यांचं विणकरांचं. पण आमच्यापैकी एकालाही पाणी हा शब्द आठवला नाही.

सकाळी आम्ही तिघे तळ्यावर पोचलो. माझा बेत साधा होता. धड ट्यूब पाहुण्यांना द्यायची, ठिगळाची मी घ्यायची आणि काठाजवळच घुटमळत राहायचं. पण रामूअण्णांनी दोन्ही ट्यूबांवर थाप मारून पाहिली आणि ठिगळाची उचलली.

"पावणं, ती नगं, ही घ्या," मी म्हणालो.

"का?"

"तिला ठिगळ हाय."

"म्हंजे दुरुस्त केलेली हाय. दुसरी अजून फुटायची हाय," असं म्हणून ते तीत बसले आणि निघालेसुद्धा! व्यापारी माणसाचा हा हिशोब मला खोडता आला नाही. आप्पांनी काठावर तीन दगड मांडून चहाचं आधण ठेवलं.

रामूअण्णा तळ्याच्या मध्यावर गेले. पाहुण्यांना एकटं सोडणं बरं दिसेना, म्हणून मीही त्यांच्या मागे, हात-दोन हात अंतर राखून. गळाला आम्ही लुगड्याच्या काठाचं रेशीम पिळून दोरी केली होती आणि ती बॉबिनवर गुंडाळली होती. रामूअण्णांनी गांडूळ लावून गळ सोडला. शांतता होती. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर, आल्यापासून प्रथमच, समाधानासारखं काहीतरी दिसत होतं. माझ्या मनात लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर आकार घेऊ लागला.

तेवढ्यात त्यांच्या ट्यूबखालून एक बुडबुडा आला.

मग दोन आले. मग एकामागून एक येऊ लागले.

"हालू नगंस!" रामूअण्णा कुजबुजले. "बुडबुडं बघ! बरुबर खाली बसलाय. मोठा हाय."

तो मोठा मासा म्हणजे माझं ठिगळ, हे मला कळलं होतं. पण खात्री झाल्याशिवाय बातमी देऊ नये, हे आमच्या संपादकांनी मला शिकवलं होतं. शिवाय ही बातमी दिली असती तर स्थळ गेलं असतं, आणि न दिली तर मुलीचे वडीलच. मी दोन्ही बाजू तपासत राहिलो.

"अण्णा, जरा काठाकडं सरकूया का?"

"खुळा काय रं? मासा हितं, आन् काठाकडं कशाला?"

"ऊन लागंल तुमास्नी."

"सूर्य अजून झाडामागं हाय!"

बुडबुडे वाढले. रामूअण्णा आनंदाने खाली वाकून बघत होते, आणि त्यांना वाटत होतं त्याहून ते पाण्याच्या बरेच जवळ आले होते. मग शेजारी काहीतरी पांढरं तरंगत वर आलं. त्यांनी ते बोटांनी उचललं. त्यातून पेज गळत होती.

"हे काय?"

"कापड हाय," मी म्हणालो. (हे सत्य होतं.)

"कशाचं?"

"ठिगळाचं."

त्यांनी ठिगळाकडे पाहिलं, मग बुडबुड्यांकडे, मग माझ्याकडे. "कशानं चिकटवलं हुतंस?"

"खळीनं."

काठावर आप्पांनी सगळं ऐकलं होतं, कारण तळ्यावर आवाज लांब जातो. ते चहा टाकून उभे राहिले आणि कपाळावर हात मारून ओरडले, "आरं, पयल्या धुण्यात खळ जाती म्हणून आपुनच गिऱ्हाइकाला सांगतोय की रं!"

हे त्यांना आदल्या रात्री आठवलं असतं तर बरं झालं असतं.

नेमक्या त्याच क्षणी गळाला खरोखरच मासा लागला. बॉबिन गरागरा फिरली, ट्यूबने शिटी वाजवत शेवटचा श्वास सोडला आणि रामूअण्णा दिसेनासे झाले. पाण्यावर त्यांची टोपी राहिली.

मी त्यांना वाचवायला पुढे झेपावलो. निदान इतरांना ते तसं दिसलं. प्रत्यक्षात मी टोपी धरायला वाकलो आणि ट्यूब उलटली. मला पोहता येत नाही, हे मला पाण्याखाली गेल्यावर प्रकर्षाने जाणवलं. तळ्याच्या पाण्याची चव मी तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर घेतली. मनात एकच विचार होता: बापही गेला, आता हौसाला सांगायचं कुणी?

मग माझी मानगूट कुणीतरी धरली आणि मी वर आलो. समोर रामूअण्णा होते. अंगावर रिकामी ट्यूब उपरण्यासारखी गुंडाळलेली, दातांत रेशमाची दोरी, दोरीच्या टोकाला झटापट करणारा मासा. पण माणूस निवांत, जणू चावडीवर बसलाय! त्यांनी मला उचलून धड ट्यूबवर उपडं घातलं, मासा ओढून घेतला आणि दातांतली दोरी सोडून म्हणाले, "मला पवायला दोन्ही हात लागत्यात. ह्यो धर."

हातभर लांबीचा शिंगाळा त्यांनी माझ्या कुशीत दिला आणि ते आम्हा दोघांना ढकलत काठाकडे निघाले.

"सोडू नगंस!" ते मागून ओरडले.

"न्हाय सोडत, अण्णा!"

मी त्याला पोटाशी घट्ट आवळून धरला. फार घट्ट धरला. शिंगाळ्याने अंग मुरडलं, त्याचा काटा खसकन ट्यूबमध्ये गेला आणि तळ्यावर दुसऱ्यांदा शिटी वाजली.

"आता काय केलंस रं?"

"मी न्हाय केलं! माशानं केलं!"

ट्यूब खाली खाली जाऊ लागली. मी गळ्यापर्यंत बुडालो, मग हनुवटीपर्यंत. शिंगाळ्याच्या मिशा माझ्या ओठांवर आल्या. (मला स्वतःला तेव्हा मिशी नव्हती. लांबून बघणाऱ्याला ती एकदम फुटल्यासारखी वाटली असती.) आप्पा काठावरून "धावा धावा" करत होते, पण स्वतः जागचे हलत नव्हते, कारण पोहता न येणं आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. मी डोळे मिटले आणि पाय सोडून दिले.

पायाला चिखल लागला.

त्या चिखलाइतकी सुखाची वस्तू मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. रामूअण्णांनी मला काठावर ओढलं. मी पालथा पडून पाणी ओकलो. मासा अजून माझ्या कुशीतच होता, तो त्यांनी सोडवून घेतला. आप्पांनी मला आधी पोटाशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा पोटाशी धरलं. त्यानंतर ते पाहुण्यांपुढे हात जोडून उभे राहिले.

"पावणं, पोराची चूक पदरात घ्या. स्थळाचं आता आमी काय इचारत न्हाय. तुमी सुखरूप हाईसा, तेवढं बास."

रामूअण्णा धोतराचा सोगा पिळत होते. बराच वेळ पाणी निथळत राहिलं. मग ते माझ्याकडे वळले. "पेपरात बातम्या देतोस न्हवं तू?"

"व्हय."

"मग टूब फुटलीया ही बातमी कवा देणार हुतास? मी तळाला बसल्यावर?"

ते शेकोटीजवळ बसले, आप्पांनी दिलेला चहा प्यायले, आणि कप खाली ठेवताना त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, थंडी वाजतेय. ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"माझ्या मनात एक शंका हुती," ते आप्पांना म्हणाले. "आमच्या हौसाला म्या लहानपणापास्नं येदगंगा नदीत पवायला शिकवलंय. पुराच्या पाण्यातनं म्हशी बाहीर काढती ती. म्हटलं, मागवाल्याच्या घरात ह्या गुणाचा काय उपेग?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं. "आता काय शंका न्हाय. कधीची तारीख धरताय?"

आप्पांना होकार कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते तळ्याच्या दिशेने नमस्कार करून मटकन खाली बसले.

या होकारात माझ्या शिक्षणाचा, पगाराचा किंवा स्वभावाचा कुठेही उल्लेख नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी खुलासा मागितला नाही. वर म्हणून माझी निवड झाली असं आजही लोक समजतात. वस्तुस्थिती एवढीच, की मला बुडण्यापासून वाचवण्याचं काम त्या सकाळी बापाने लेकीवर सोपवलं, आणि तिला अजून एक दिवसही सुट्टी मिळालेली नाही.