फुरकानची मुक्कामी मंडळी

फुरकान शेख कंडक्टर आणि मी, जगदेव, ड्रायव्हर. मंगरूळपीरहून संध्याकाळी निघायचं, घाट चढून भुईदऱ्याला पोचायचं, रात्री गाडीसकट तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी सातला गावच्या लोकांना घेऊन खाली यायचं, ही आमची फेरी. मुक्कामी गाडीवाल्यांना गाव उपाशी झोपू देत नाही. आमची भाकर तुळसाबाईच्या घरून येते. डबा तिची मुलगी निकिता आणून देते आणि सकाळी त्याच गाडीने अकरावीच्या कॉलेजला जाते. गावातल्या आणखी मुलीही तशाच जातात. सकाळी खाली जाणारी दुसरी गाडी नाही, आणि पोरीला शहरात खोली करून ठेवायला भुईदऱ्यात कोणी तयार नाही. आमची गाडी बंद झाली की त्यांचं कॉलेज बंद.

तीन हिवाळ्यांपूर्वी डेपोत साहेबांनी बोलावून सांगितलं की फेरीचं भारमान फार कमी आहे, म्हणजे सीटं रिकामी जातात. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, गाडी भरून दाखवा, मी फेरी टिकवतो.

मी बाहेर आल्यावर म्हटलं, ‘‘आपल्याले काय करायचं? गाडी भरायचं काम आपलं नाई. चालवायचं हाय.’’

फुरकान म्हणाला, ‘‘जगदेवभाऊ, वर सकाळचं धुकं पाह्यलं का तुमी कधी?’’

‘‘धुक्यातून गाडी मीच चालवतो ना बापा. मले काय दाखवतं?’’

पण त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघत नाही. भुईदऱ्याच्या वर सपाट माळ आहे आणि खाली खोल दरी. हिवाळ्यात पहाटे ती दरी धुक्याने काठोकाठ भरते आणि उजाडलं की हळूहळू रिकामी होते. हे पाहायचं तर आदल्या रात्री गावातच राहावं लागतं, आणि रात्री गावात नेणारी गाडी एकच, आपली. फुरकानने आपल्या साध्या फोनवर व्हिडिओ काढला आणि टाकला इंटरनेटवर.

वाशिमची सुकेशनी नावाची मुलगी जुन्या बारवा, पक्षी, असलं काय काय हिंडून दाखवायची. तिने फोन केला आणि आमच्याच गाडीने आली. तिच्या ओळखीने अकोल्याचे दोघे आले, मग हिंगोलीचे, मग रिसोडचा राजू. हा राजू जिथे जाईल तिथे आधी जेवतो आणि जेवता जेवता बोलतो, आणि ते पाहायला म्हणे हजारो लोक बसलेले असतात. फुरकानने सगळ्यांचा एक ग्रुप केला आणि नाव ठेवलं ‘मुक्कामी मंडळी’. नियम एकच, भुईदऱ्याला यायचं तर गाडीने.

हे ब्लॉगर लोक म्हणजे मोठं नाजूक प्रकरण. अमुक जागा आधी मी दाखवली, तमुकने माझं नाव घेतलं नाही, एवढ्यावरून दोघांचं बोलणं बंद. फुरकान दोघांनाही फोन करायचा, एकाचे दोन शब्द दुसऱ्याला गोड करून सांगायचा. ज्याला कोणी पाहत नाही त्याला ज्याला सगळे पाहतात त्याच्याशेजारी सीट द्यायचा. घाट संपेपर्यंत दोघांचा मिळून व्हिडिओ ठरलेला असायचा. पुढे पुढे अनसिंगचा कोणी, कारंज्याचा कोणी, आमच्या गावाचंही असं काही करा म्हणून त्यालाच विचारायला लागले. पहिल्या हिवाळ्यात गाडी भरून गेली. गावाने शाळेच्या ओट्यावर सतरंज्या टाकल्या, बायांनी भरीत-भाकरी केली. रात्री सगळे एकमेकांना आपापले फोटो दाखवत बसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? साहेबांनी शब्द पाळला, फेरी टिकली.

पण फुरकानचा फोन काही गप बसेना. तिकीट फाडताना फोन, चहा पिताना फोन, सुट्टीच्या दिवशीही फोन. डोळ्यांखाली काळं आलं. त्याच्या घरी गेलो होतो ईदला, तर त्याची बायको अफ्रीन शीरखुर्मा पुढे ठेवून मला म्हणाली, ‘‘भाईसाब, इनको बोलो, मुझे भी उस ग्रुप में डाल दो. तब तो मुझसे बात करेंगे.’’ फुरकान हसला. थकलेला माणूस हसतो तसा, अर्धाच.

दुसऱ्या हिवाळ्यात भुईदऱ्याचं नाव लांबवर गेलं आणि लोक यायला लागले, पण आपापल्या गाड्यांनी. ग्रुपचा नियम ग्रुपला, जगाला तो कोण सांगणार? मग ग्रुपातलेही घसरले. एकाचा ड्रोन होता, एकाला उशीर झाला होता, एकाच्या बायकोला एसटीत उलट्या होतात. गावच्या सतीशने जीप घेतली. त्याचं पाहून आणखी दोघांनी घेतल्या. माळावर चहा, भजी, मॅगी सुरू झाली, फोटो काढायला मोठ्या लाल अक्षरांचा फलक उभा राहिला. सतीश संध्याकाळी गावकऱ्यांनाही दारापर्यंत सोडायला लागला, मग आमच्या गाडीची वाट कोण पाहणार? त्याला तरी मी काय नावं ठेवू? पोटापाण्याचं त्याचंही आहेच. फक्त सकाळी त्याची जीप खाली जायची नाही. तेव्हा ती पाहुण्यांना माळावर न्यायची, तिथे चार पैसे जास्त सुटतात. संध्याकाळी आमच्या गाडीत दोन-तीन म्हातारी माणसं असायची आणि सकाळी पासवाल्या मुली.

एकदा घाटात समोरून मोटारींची रांग उतरत होती, म्हणून मी गाडी कडेला घेऊन उभा राहिलो. फुरकान खिडकीतून एकेक मोटार पाहत होता.

‘‘गाव भरलं, जगदेवभाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘आपली गाडी तेवढी रिकामी झाली.’’

मला त्याची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं होतं ना, हे आपलं काम नाही! रांग सरली तशी मी गाडी पुढे काढली.

यंदा हुकूम आला. पुढच्या महिन्यापासून मुक्काम बंद. गाडी सकाळी खालून निघेल, साडेदहाला भुईदऱ्याला पोचेल आणि तशीच परत फिरेल. फुरकानने ग्रुपवर लिहिलं, हात जोडतो, एवढा महिना सगळे गाडीने या, मी साहेबांना पुन्हा भेटतो. खाली जोडलेले हात आले, बदाम आले, रडकी तोंडं आली. गाडीत मात्र एकटी सुकेशनी आली, तीही दोनदा. महिना असाच सरत आला तेव्हा राजूने लिहिलं, ‘शेवटच्या मुक्कामी गाडीचा व्हिडिओ करू. कुणी चुकवू नका.’

आणि कुणी चुकवली नाही. त्या संध्याकाळी मंगरूळपीरच्या स्टँडवर जी झुंबड उडाली तशी मी नोकरीत पाहिली नव्हती. समोरच्या काचेखाली झेंडूचा हार लागला. माणसं दाटीवाटीने उभी आणि फुरकान तिकिटाचं मशीन डोक्यावर धरून त्यांच्यातून वाट काढतोय. राजूने कॅमेरा माझ्या तोंडासमोर आणला, ‘‘काका, जरा हसा ना.’’

‘‘घाट चढून राह्यलो मी. रस्त्याकडे पाहू का तुह्याकडे?’’

गावात गाडी रिकामी होताना तुळसाबाई डबा घेऊन स्वतः आली होती. उतरणाऱ्यांची ती न संपणारी रांग तिने पाहिली आणि फुरकानला विचारलं, ‘‘एवढे लोक बसतात तं मंग गाडी काहून बंद करून राह्यले?’’

फुरकानने तिच्या हातातला डबा घेतला. रात्री तो जेवला नाही.

सकाळी धुकं पाहून मंडळी लवकरच गाडीत येऊन बसली. खिडक्या धरल्या, मधल्या जागेत उभी राहिली, पायरीवरही दोघं. सातला मुली दप्तरं घेऊन आल्या आणि दाराशी थांबल्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती. राजूने पायरीवरूनच निकितावर कॅमेरा धरला, ‘‘ताई, शेवटच्या दिवशी कसं वाटतंय?’’

निकिता त्याच्या खांद्यावरून आत जागा शोधत होती.

‘‘उतरा,’’ फुरकान म्हणाला.

मंडळींना थट्टा वाटली. दोघं-तिघं हसले.

‘‘उतरा म्हनतो ना! सगळे उतरा. पोरींचं कालेज हाय.’’

‘‘ॲडमिन, आम्ही तुमच्यासाठीच तर आलो,’’ मागून कोणीतरी बोललं.

‘‘माह्यासाठी याचं व्हतं तं महिनाभर याचं व्हतं.’’

तीन वर्षं त्याने या लोकांची मनं सांभाळली होती. त्यांच्यातल्या एकालाही तो कधी वावगं बोलला नव्हता. सुकेशनी पहिल्यांदा उठली, पिशवी घेतली आणि गुपचूप उतरली. मग कुरकुरत बाकीचेही उतरले. काहींनी उतरतानाचाही व्हिडिओ काढला. मुली चढल्या, फुरकानने डबल बेल दिली आणि मी गाडी काढली. गाडी नेहमीइतकीच भरलेली होती, म्हणजे बरीचशी रिकामी. आरशात मंडळी मागे रस्त्यावर उभी दिसत होती.

घाट अर्धा उतरलो तेव्हा फुरकानचा फोन वाजला. माझ्यामागे उभं राहून त्याने मला वाचून दाखवलं, ‘‘ॲडमिन, पुढची गाडी किती वाजता?’’

पहिल्या सीटवरून निकिता म्हणाली, ‘‘चाचा, मले बी तेच विचारायचं हाय. उद्या आमाले किती वाजता हाय?’’

‘‘साडेदहाले,’’ फुरकान म्हणाला.

त्यांचं कॉलेज सव्वाआठला भरतं.